मुंगी दिसेल अशी जमीन

गेल्या वर्षी लईराईची जत्रा आटोपली आणि चार दिवसांनी आमच्या सासूबाई पडल्या. वैशाखातली दुपार. त्यांच्या खोलीतल्या लाल सिमेंटच्या जमिनीला जुनी चीर होती, तिची कड वर आली होती. त्यात अंगठा अडकला आणि त्या हातावर पडल्या. नशिबाने मनगटावरच निभावलं. पण ब्याऐंशीव्या वर्षी मनगटाचं हाड म्हणजे थोडं नव्हे. ज्या गावात हजारो धोंड पहाटे निखाऱ्यांवरून अनवाणी चालत जातात, त्या गावात आमच्या आई स्वतःच्या खोलीत, सपाट जमिनीवर पडल्या!

मुलाला पुण्याला कळवलं, तर त्याचं एकच उत्तर, "आई, ती जमीन आधी बदला." आठ दिवसांत त्याने नमुन्याचे दोन तुकडे पाठवून दिले. दोन्ही सागवानी दिसणारे, दोन्हींवर लाकडाच्या रेषा, गाठी. एक उचलला तर जड, कडेला थरावर थर दिसत होते. ते 'इंजिनिअर्ड वूड'. वर दोन-चार मिलिमीटर खरं लाकूड आणि खाली प्लायवूडचे आडवे-उभे थर, सगळं मिळून पंधरा मिलिमीटरच्या आसपास. दुसरा पाच मिलिमीटरचा, वाकवला तर किंचित वाकणारा. तो 'व्हिनाइल प्लँक'. लाकूड नाहीच, प्लास्टिक आणि चुनखडीची पूड, त्यावर लाकडाचा छापील फोटो आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरचं पारदर्शक कवच. दरात दुपटी-तिपटीचा फरक. ह्यांनी तुकडे हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाले, "जमिनीवर तूच जास्त असतेस, तूच ठरव."

बोलले ते खरं होतं. मी ठरवायला बसले आणि लक्षात आलं, की घराच्या इतिहासात छप्पर, भिंत, दरवाजा यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडतं. जमिनीबद्दल कमी. जमीन राखणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. म्हणून माझ्या आठवणीपासूनच सुरुवात करते.

माझं माहेर बेळगावकडचं. आजीच्या घरी सोपा सोडला तर सगळी जमीन शेणाने सारवलेली. ती तयार कशी करायची ते मी लहानपणी पाहिलंय. माती पसरायची, पाणी मारायचं, धुमसाने धुमसायची, मग चोपण्याने चोपून चोपून सपाट करायची. ती वाळली, भेगा पडल्या की पुन्हा चोपायची. मग शेणकाला. आजी उकिडवी बसून उजव्या हाताने अर्धगोल काढत मागे मागे सरकत जायची. दर चार-आठ दिवसांनी हेच. पावसाळ्यात तर जमीन वाळायचीच नाही. आज शेणाच्या जमिनीचं फार कौतुक होतं, पण ते कौतुक करणाऱ्यांनी एकदा आजीचे गुडघे बघायला हवे होते. साठीनंतर ती सरळ उभी राहिलेली मला आठवत नाही.

पण एक गोष्ट होती. सारवताना आजीचे डोळे जमिनीपासून हातभर अंतरावर असत. मुंग्यांची रांग दिसली, की ती तेवढा पट्टा सोडून द्यायची. "त्यांचं जाऊ दे, मग करते." अर्धी खोली सारवलेली आणि मध्ये एक कोरडी वाट, असं चित्र आमच्या घरी नेहमीचं. शेणकाल्यात किडे नसतात असं नाही. तिथेही हिंसा होतीच, पण ती करणाऱ्याला दिसत होती.

गोव्यातही वेगळं नव्हतं. डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादीतले महाल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांकडे गेले, त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल. साष्टी-बार्देशातल्या मोठ्या घरांमध्ये रंगीत नक्षीच्या लाद्या आल्या, पण आमच्या भागातल्या साध्या घरांत चिऱ्याच्या नाहीतर मातीच्या भिंती आणि खाली शेणाची जमीनच राहिली. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. छप्पर बदललं. जमीन मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं बदलली नाही. छप्पर गळलं तर सगळ्या घराची झोप उडते. जमीन उखडली तर एकीने वाकायचं असतं. म्हणून छपराचा नंबर आधी लागला असावा, असं मला आपलं वाटतं.

मग लाकडाची जमीन आपल्याकडे नव्हतीच का? होती, पण वर. पोर्तुगीज भाषेत 'सोब्रादो' म्हणजे फळ्यांची वरची जमीन, आणि त्यावरूनच माडीच्या घरालाही तेच नाव पडलं. आपल्याकडच्या वाड्यांमध्येही माडीला फळ्या. तुळयांवर फळ्या ठोकलेल्या, दोन फळ्यांमधल्या फटीतून खालच्या खोलीतला दिवा दिसायचा. लाकडाच्या खालून वारा खेळत होता. थेट भुईवर लाकूड अंथरायचं शहाणपण या किनाऱ्यावर कुणी केलं नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चिरा पाणी पिऊन ओल वर चढवतो, हे जुन्या सुतार-गवंड्यांना कळत होतं.

भुईवरचा मोठा बदल आला तो सिमेंटने. इंग्लंडात जोसेफ अॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ साली. आपल्या देशात पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागलं १९१४ साली. १९२२ मध्ये मुंबईच्या सिधवा कुटुंबाने भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली. त्या काळी नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या परदेशातून यायच्या, आपल्या इथे करायच्या हा स्वदेशीचाच विचार. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत ज्यांच्या घरी या लाद्या होत्या, त्या श्रीमंत. बाकीच्यांनी लाल कोबा केला.

आमचं शिरगावचं घर त्यातलंच. गोवा मुक्त झाल्यावर सासरे बेळगावाकडून डिचोलीला दुकानात आले आणि पुढे शिरगावात त्यांनी हे घर घेतलं. तेव्हा आत शेणाची जमीन होती. सासूबाई सांगतात, पहिली दोन वर्षं त्यांनी ती सारवली, आणि मग एका दिवाळीच्या आधी गवंडी आला. सिमेंटात लाल रंग मिसळून त्याने थापीने घोट घोट घोटलं. वर पाणी कोंडून आठवडाभर कुणाला पाय ठेवू दिला नाही. मग नारळाच्या सोडणाने घासून, खोबरेल तेलाचा हात फिरवून त्यांनी स्वतः चकाकी आणली. "त्या दिवशी मी पहिल्यांदा उभ्याने केर काढला," असं त्या म्हणतात, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. कोब्याचा तांबडा रंग हा लोखंडाचाच ऑक्साइड, आणि आमच्या गावच्या खाणींतलं खनिजही तेच. ट्रक चालू होते तेव्हा अंगणातून आलेल्या पायांचे ठसे त्या जमिनीवर दिसायचेही नाहीत, इतका रंग मिळून जायचा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा कुठे कळलं की आपण रोज किती धूळ पुसत होतो.

त्यानंतर शहरांकडून मोझॅक आलं. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या खड्यांचं. मोझॅकची मोठी ख्याती काय, तर "मळ दिसत नाही." आमच्या आईने माहेरी मोझॅक घातलं तेव्हा शेजारणी हेच सांगून गेल्या. मग शहाबादी, कोटा, आणि नव्वदच्या दशकानंतर मोरबीच्या चकचकीत टाइल्स. प्रत्येक वेळी बाईचं काम थोडं कमी झालं. उकिडवी बसणारी उभी राहिली, हातातलं फडकं दांडीला लागलं. ते चांगलंच झालं. मला आजीचे गुडघे परत नकोत. पण डोळे जमिनीपासून दूर गेले, आणि जमीनही अशी निवडली जाऊ लागली की जिच्यावर काही दिसू नये.

आता त्या दोन तुकड्यांकडे येते. व्हिनाइलची आजी म्हणजे लिनोलियम. १८६० च्या दशकात इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टनने ते काढलं. जवसाचं तेल, बुचाच्या झाडाची पूड, आणि मागून तागाचं कापड. साहेबांच्या बंगल्यांत, दवाखान्यांत ते आपल्याकडेही आलं. प्लास्टिकचं तसं नव्हतं. पीव्हीसी हा पदार्थ जर्मनीत ऑयगेन बाउमानला १८७२ मध्येच चुकून सापडला होता, पण तो कडक आणि ठिसूळ, कुणाच्या उपयोगाचा नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमनने त्यात दुसरी द्रव्यं मिसळून तो मऊ केला. १८९३ साली ज्या शिकागोत वीरचंद गांधींनी जैन धर्मावर व्याख्यानं दिली, त्याच शहरात चाळीस वर्षांनी, १९३३ च्या जागतिक प्रदर्शनात, व्हिनाइलच्या लाद्या लोकांनी पहिल्यांदा पाहिल्या. त्या जुन्या लाद्यांमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते घातक आहे हे मागाहून कळलं. आजच्या पट्ट्यांत ते नसतं.

लाकडी थरांची पट्टी स्वीडनची. गुस्ताफ कैर यांनी १९४१ मध्ये थरांच्या लाकडी जमिनीचं पेटंट घेतलं. अख्खी फळी हवेतली ओल पिऊन आडवी फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. थर एकमेकांना आडवे चिकटवले की ती ओढाताण बरीच आटोक्यात येते. शिवाय अख्ख्या फळीचं काम वरच्या पातळ थरात भागतं, म्हणजे झाडही वाचतं. युक्ती खरंच छान आहे. पण ती ज्या देशात निघाली तिथे बाहेर बर्फ आणि आत शेगडी. आपल्याकडे जुलैत हवेतलं दमटपण पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढे असतं आणि आपण रोज ओल्या फडक्याने पुसतो. लाकडाला ओलं फडकं चालत नाही, घट्ट पिळलेलंच लागतं.

दुकानदार मे महिन्यात जमीन बघायला आला आणि "एकदम सुकी आहे वैनी" म्हणाला. मे महिन्यात गोव्यात सगळंच सुकं असतं! मी एक साधी गोष्ट केली, ती तुम्हीही जरूर करा. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद जमिनीवर ठेवला, चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि दोन दिवस हात लावला नाही. मे महिन्यात कोरडा निघाला. तोच प्रयोग जुलैत केला, तर न्हाणीघराच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात कागदाखाली दव! म्हणजे ओल जमिनीतून येत होती. त्यावर लाकूड घातलं असतं तर दोन पावसाळ्यांत फुगलं असतं. व्हिनाइल फुगत नाही, पण ओल त्याच्याखाली कोंडली की बुरशी धरते आणि वास सुटतो. म्हणून पट्टी कुठलीही असो, आधी भिंतीतली गळती काढायची. त्या पावसाळ्यापुरती आम्ही चीर सिमेंटने भरून घेतली, आईंच्या पलंगाशी एक रबरी चटई टाकली, आणि घाई केली नाही.

दुसरी गोष्ट वाळवीची. लाकूड भुईवर घालायचं तर आधी भोकं पाडून औषध सोडावं लागेल, असं कारागिराने सांगितलं. तिथे माझा पाय अडला. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि त्या रोयणीचीच सातेरी म्हणून पूजा होते. कितीतरी देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळ आहे. आमचा धर्म वेगळा, पण ज्या मातीतल्या जिवांपुढे अख्खं गाव हात जोडतं, त्या मातीत आपण जैनांनी विष ओतायचं? खरं सांगायचं तर दाराच्या चौकटींना आम्ही एकदा औषध मारलेलं आहे. चौकट कोसळली असती, दुसरा इलाज दिसला नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा टळत नाही असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण टळत नाही ती वेगळी आणि हौसेपायी ओढवून घेतलेली वेगळी. खोली सागवानी दिसावी ही हौस होती.

म्हणजे व्हिनाइल निर्दोष का? मुळीच नाही. ते तेलातून निघालेलं प्लास्टिक आहे. पंधरा-वीस वर्षांनी कवच झिजलं की उपटून टाकायचं. ते कुजत नाही, आणि जाळलं तर विषारी धूर. लाकडी पट्टीचा वरचा थर जाड असेल तर एक-दोनदा घासून नवी करता येते. आमचा कोबा तर पन्नास वर्षांवर टिकला, आणि गवंड्याने एका सकाळीत बुजवला. आजीची जमीन तिच्याच हाताने दुरुस्त व्हायची. या बाबतीत आपण मागेच आलो आहोत, हे मान्य करायला हवं.

दोन्ही बाजू मी आईंना वाचून दाखवल्यासारख्या सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग चांगल्या हाताने दोन्ही तुकडे खिडकीशी उजेडात धरले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले डोळे त्यांचे. म्हणाल्या, "अगं, यावर मुंगी कशी दिसणार?"

मी गप्पच झाले. त्या रेषा, त्या गाठी, ते तपकिरी ठिपके. मुंगी काय, झुरळाचं पिल्लूसुद्धा त्यात लपून जाईल.

ईर्यासमिती आपण पाठ केलेली असते. मुनिमहाराज चार हात पुढची जमीन बघत चालतात, बसण्याआधी मोरपिसांच्या पिंछीने जागा झाडतात. महाराज विहारात असले की आपण वाटेला उभ्या राहतो, त्यांची ती खाली झुकलेली नजर बघतो आणि नमस्कार करून घरी येतो. घरात मात्र आपण कुठे खाली बघून चालतो? आपल्याच डिचोली तालुक्यात कुडण्याला जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. मी दोनदा गेले आहे. चिऱ्यांच्या भिंती आणि आजूबाजूला माती. तिथे चप्पल काढून चालताना आपोआप प्रत्येक पाऊल बघून टाकलं होतं. घरी आल्यावर गुळगुळीत जमिनीवर पुन्हा डोळे वर! जमीन सुखाची झाली, की बघायची सवय सुटते.

आईंच्या त्या एका प्रश्नाने निवड सोपी झाली. पडायची भीती होती म्हणून पायाला धरणारी, ऊबदार जमीन हवी होती. ओल आणि वाळवी होती म्हणून लाकूड नको होतं. आणि मुंगी दिसायला हवी होती म्हणून छापील लाकूडही नको होतं. मी दुकानात जाऊन विनारेषेची, फिकट रंगाची, खरखरीत पोताची व्हिनाइल पट्टी मागितली. दुकानदाराला पटेना. "वैनी, सगळे लाकडाचंच डिझाइन मागतात. यावर डाग दिसतील." म्हटलं, दिसू देत, तेवढ्यासाठीच घेते आहे.

काम चातुर्मास संपल्यावर, दिवाळीनंतर केलं. तोवर न्हाणीघराची भिंत दुरुस्त करून पुन्हा एकदा कागद लावून बघितला, कोरडा निघाला. चीर बुजवून जमीन एकसारखी करून घेतली, खाली ओल अडवणारा कागद घातला, आणि भिंतीलगत बोटभर जागा सोडून पट्ट्या एकमेकींत अडकवल्या. गोंद लावू दिला नाही. उद्या उपटायची वेळ आली तर खाली सासूबाईंचा लाल कोबा तसाच आहे. केलं ते फक्त त्यांच्या खोलीत, बारा बाय चौदाच्या. बाकी घर आहे तसंच ठेवलं. स्वयंपाकघराला तर हात लावायचाच नव्हता. चौक्याची जागा भरपूर पाण्याने धुवायला हवी.

मुलगा दिवाळीला आला होता, काम बघून गेला. "हॉस्पिटलसारखी दिसते गं," म्हणाला. दिसते खरी. मैत्रिणींनो, तुमच्या घरी जमीन बदलायची वेळ आली तर दर विचारा, जाडी विचारा, कवच किती ते विचारा. पावसाळ्यात कागद लावून बघा. आणि नमुना उजेडात धरून आमच्या आईंचा प्रश्नही विचारा.

परवा मी चहा घेऊन आत गेले तर त्या पलंगावरून म्हणाल्या, "थांब. उजवा पाय उचल." खाली पाहिलं. साखरेचा एक दाणा घेऊन मुंगी चालली होती. ती पलीकडे जाईपर्यंत चहा थोडा निवला.